चौदा मिनिटं

लायडन स्टेशनामागून बागेपर्यंत सव्वीस मिनिटं.
उतरणारे उतरतात, चढणारे चढतात,
मग माझ्या वाट्याला चौदा.
डबा, लघवी, टायरला एक लाथ.
वसंतातले आठ आठवडे, रोज नऊ खेपा,
यंदा सहावं वर्ष.
आत गेलो नाही कधी.

आई विचारते, हेगमधल्या तिसऱ्या मजल्यावरून,
गॅलरीत कारल्याचा वेल दोरीला चढवत,
"एवढी माणसं जातात, तर तिथं पिकतं काय?"
फुलं, मी म्हणतो.
"ते कळलं. फळ कधी धरतं?"
सुरिनामहून येताना तिनं बिया आणल्या होत्या, ओढणीच्या गाठीत.
तिच्या लेखी फूल म्हणजे कारल्याची आगाऊ सूचना.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं, लाल पट्टा, पिवळा पट्टा,
तागेच्या तागे उलगडून कुणी उन्हात टाकावेत तशी.
पर्यटक काचेला नाक लावतात.
मग दिसतं ते यंत्र, फुलांची मुंडकी छाटत चाललेलं,
आणि बसभर अरेरे.
कांदा पोसायचा तर फूल खुडावं लागतं,
हे मी माइकवरून सांगत नाही.
माइकवरून मी शेवटच्या बसची वेळ सांगतो.

त्या मंगळवारी पहिल्याच खेपेला फ्राउक्ये बाई चढल्या.
हातात घडीचं स्टूल, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले.
सगळ्यात पुढची सीट, माझ्या आरशात अर्धा चेहरा.
"पवनचक्कीजवळचा पांढरा वाफा माझ्या नवऱ्यानं लावलाय,"
बटाट्याचा भाव सांगावा तशा म्हणाल्या.
सीत्से त्याचं नाव. चौतीस ऑक्टोबर त्यानं ओणव्यानं काढले.
"आणि दरवर्षी एक कांदा मुद्दाम चुकवायचा.
हजार पांढऱ्यांत एक लाल.
कुठं, ते सांगायचा नाही. एप्रिलमध्ये मी शोधायचं.
सापडला तर पॅनकेक तो करणार,
नाही सापडला तर मी."

सिग्नल हिरवा झालेला मला
मागच्यानं हॉर्न दिल्यावर कळला.
"फेब्रुवारीत गेला," त्या म्हणाल्या.
"यंदाचं पॅनकेकचं ठरायचं राहिलंय."

चौथ्या खेपेला पाहतो तर बाई फाटकाशीच, स्टुलावर.
वाफ्याला दोन फेऱ्या झालेल्या. वाकता येत नव्हतं.
"तुझी नजर बरी दिसते."
मी घड्याळ पाहिलं. चौदातली दोन गेली होती.
डबा सीटवरच राहिला.

आत काय काय होतं ते धड सांगता येणार नाही.
वास असा आला,
जसा अंधारात जिना संपल्यावरही
आणखी एक पायरी धरून टाकलेला पाय.
लोक फोटो काढत होते. मी पळत होतो, गणवेशात,
आणि मला वाट देत होते सगळे, काहीतरी घडलंय असं समजून.

पांढरा वाफा. डोळे चुरचुरतील इतका.
ओळ न् ओळ पाहिली. लाल नाही.
तिथं एक नवखा माळी होता, गालांवर नुसती लव.
विचारलं तर अभिमानानं म्हणाला,
"होता एक. भेसळ. कालच उपटला."

सहा मिनिटं.
उत्तरेचा कोपरा, कुंपणापासून चौथी ओळ,
मुठीएवढा खड्डा. माती अजून काळी, ओली.

परतताना काय सांगावं ते जुळवत होतो.
एक खोटंही तयार होतं, बऱ्यापैकी.
पण बाईंनी वर पाहिलं आणि मी खरं तेच बोलून गेलो.
उपटलाय. खड्डा आहे. चौथी ओळ, उत्तरेचा कोपरा.

"उत्तरेचा!" त्या म्हणाल्या. "लबाड कुठला.
तिथं तर मी कधीच बघत नाही."
आणि हसल्या, त्या मोडक्या गुडघ्यांवर थापा मारत,
बसची रांग वळून बघेपर्यंत.
"म्हणजे पॅनकेक मीच करायचे."

बस तीन मिनिटं उशिरा सुटली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, वाटेत ट्रॅक्टर.

रात्री आईला फोन केला. आत जाऊन आलो, म्हटलं.
तिनं फुलांचं काही विचारलं नाही.
मी मात्र खड्ड्याचं सांगितलं, जागेसकट.
ती जरा वेळ गप्प. मागे नळ चालू.
"खड्डा मोकळा ठेवू नये," म्हणाली.
"बी पाठवू?"